चोविसावा आठवडा

सोनोग्राफीच्या डॉक्टर बाई सुरुवातीला बोलत होत्या. गावी, कडावात, शेती आहे का, कॉलेजातली नोकरी झेपते का, असं काहीबाही विचारत होत्या. मग पोटावरून फिरणारा त्यांचा हात एका जागी थांबला, थोडा मागे गेला, परत तिथेच थांबला. "कुशीवर वळा," म्हणाल्या. मी वळले. त्यांनी पडदा स्वतःकडे ओढून घेतला आणि बाहेर बसलेल्या माझ्या नवऱ्याला, नितीनला, आत बोलवायला सांगितलं.

"बाळाच्या पाठीच्या कण्याला खालच्या बाजूला फट आहे," त्या म्हणाल्या. "मज्जारज्जूचा भाग त्या फटीतून बाहेर आलाय. आणि डोक्यात पाणी साठतंय."

नितीनने विचारलं, "औषधानं भरंल का ती?"

"नाही हो."

माझ्या पोटावर ते थंड जेल तसंच होतं. पुसायला कागद कुणी दिला ते आठवत नाही. तेविसावा आठवडा चालू होता.

या आजाराचं नाव मेनिंगोमायलोसील. पोटात बाळ तयार होताना अगदी सुरुवातीला कणा एखाद्या चेनसारखा मिटत येतो. कुणाकुणाचा तो पूर्ण मिटत नाही. उघड्या राहिलेल्या जागेतून नसा बाहेर येतात, आणि त्या जागेच्या खालचं शरीर, म्हणजे पाय, लघवी, संडास, यांचा मेंदूशी संबंध नीट जुळत नाही. डोक्यात पाणी साठतं त्याला हायड्रोसेफलस म्हणतात. फॉलिक ॲसिडची गोळी गर्भ राहायच्या आधीपासून घेतली तर याचा धोका कमी होतो. मला गोळी मिळाली तेव्हा मला दिवस गेल्याचं कळून बरेच दिवस झाले होते. ज्यांना मूल व्हायचंय त्यांनी हे एवढं वाक्य तरी लक्षात ठेवावं, म्हणून आधीच लिहिलं.

दुसरी गोष्ट सोनोग्राफीची. ॲनॉमली स्कॅन, म्हणजे बाळाचा एकेक अवयव बघायची तपासणी, अठरा ते वीस आठवड्यांत करतात. मी वेळेवर गेले होते. आमच्या बाजूच्या सरकारी दवाखान्याची नवी इमारत झाली होती. फरशी चकचकीत, बाहेर मोठा फलक, सगळे उपचार मोफत. माझ्या सासूबाईंना, मी त्यांना आई म्हणते, त्या इमारतीचा फार अभिमान होता. "आमच्या वेळंला पडवीत बाळतपणं झाली. आता कसं समदं सरकारनं केलंय," असं त्या शेजारणींना सांगायच्या.

मशीनही नवं होतं. एका खोलीत, कुलपात. ते चालवणाऱ्या डॉक्टरांची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कुणी आलं नव्हतं. पोटातलं मूल मुलगा की मुलगी हे बघू नये म्हणून कायदा कडक आहे, ज्याच्या नावावर नोंद आहे त्यानेच मशीनला हात लावायचा. कायदा योग्यच आहे. पण माणूसच नसेल तर मशीन नुसतं झाकून ठेवतात. "पुढच्या आठवड्यात येतील," असं मला सांगितलं. पुढच्या आठवड्यात तेच सांगितलं. मग एकदा जवळच्या तालुक्यातून एक डॉक्टर येणार होते, ते आले नाहीत. शेवटी तिथल्या मेडिकल ऑफिसर म्हणाल्या, "प्रज्ञा, तुम्ही बाहेरच करून घ्या." तेव्हा आम्ही कर्जतला खासगीत आलो, आणि हे कळलं.

कर्जतला त्या दिवशी आम्ही स्टेशनजवळच्या एका रसवंतीत बसलो. रस समोर आला, कुणी प्यायलं नाही. नितीन खोपोलीच्या कंपनीत पॅकिंगला आहे. कमी बोलतो. त्याने ग्लास बाजूला सरकवला. मग म्हणाला, "तुला काय वाटतं ते सांग. मी तसंच करीन."

मी म्हटलं, "मला हे नको."

एवढं बोलायला मला किती जड गेलं ते सांगता येणार नाही. बाळ हलत होतं. तेव्हाही, मी बोलत असताना.

घरी गेल्यावर आईंना सांगितलं. त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"पोर आत हलतंय गं. आन् तू आसं कसं म्हनतीस?"

"आई, त्याचे पाय चालणार नाहीत. लघवीसुद्धा नळीने काढावी लागेल. सारखी ऑपरेशनं."

"आमी बघू ना. मी हाय की. मी नाय का करनार?"

"तुम्ही कराल. पण त्याचं काय?"

आईंनी सूप परत पुढे ओढलं. रात्री जेवल्या नाहीत. सकाळी मात्र माझ्याबरोबर दवाखान्यात यायला साडी बदलून तयार होत्या. "मला पटलेलं नाय," म्हणाल्या, "पन तुला एकटीला सोडनार नाय."

कायदा मी वाचला होता. कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, वाचायची सवय आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसमध्ये दोन डॉक्टरांचं लागतं, आणि बाळात मोठा दोष असेल तर ते कारण धरलं जातं. त्यानंतर मेडिकल बोर्ड, म्हणजे सरकारने नेमलेल्या डॉक्टरांची समिती, ठरवते. काही वर्षांपूर्वी कायदा सुधारून मुदत वाढवली तेव्हा कॉलेजात आम्ही वर्तमानपत्रातली बातमी कापून फलकावर लावली होती. बायकांच्या बाजूचा कायदा, असं एका प्राध्यापक बाईंनी वर्गात सांगितलं होतं. मला वाटलं, माझा आठवडा तेविसावा. मी मुदतीच्या आत आहे.

आमच्या दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञ एकच होते. भले होते. त्यांनी रिपोर्ट दोनदा बघितला. "तुमचं म्हणणं बरोबर आहे, कायद्यातही बसतं," ते म्हणाले. "पण दुसरे डॉक्टर इथे नाहीत. मला एकट्याला करता येत नाही. जिल्ह्याला जा."

"तुम्ही फोन कराल का तिथे?" मी विचारलं.

त्यांनी माझ्यासमोर फोन लावला. तिकडून कुणी उचलला नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी आम्ही एसटीने गेलो. खोपोली, पेण, पुढे. आई खिडकीशी बसल्या होत्या, पदर तोंडाला लावून. बस हलली की बाळ हलायचं. मी पोटावर हात ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. हात आपोआप जायचा.

तिथे बाहेरच्या टेबलावरच्या सिस्टरने रिपोर्ट न बघता मला विचारलं, "पहिलं मूल ना? मग का पाडायचंय? मुलगी आहे असं कुणी सांगितलं का?"

रांगेतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बाळाच्या कण्यात दोष आहे." ती म्हणाली, "सगळ्या असंच काहीतरी सांगतात." ती वाईट बाई होती असं मला वाटत नाही. तिने काय काय बघितलं असेल तिला माहीत. पण त्या दिवसापासून मी जिथे गेले तिथे पहिल्यांदा मला हेच सिद्ध करायला लागलं, की मी चोर नाही.

आतल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खासगीतल्या सोनोग्राफीवर आम्हाला निर्णय घेता येत नाही. आमच्या रेडिओलॉजिस्टने परत बघायला हवं." सोनोग्राफीचे ते डॉक्टर रजेवर होते. पुढे शनिवार-रविवार होता, त्याला जोडून सणाची सुट्टी. आम्ही परत कडावला आलो, परत गेलो. दवाखान्याच्या बाकावर बसून मी मनातल्या मनात आठवडे मोजायचे. इतर बायका पोटातलं मूल मोठं व्हावं म्हणून मोजतात. मी ते मोठं होऊ नये म्हणून मोजत होते.

शेवटी सोनोग्राफी झाली. दोष तोच निघाला, उलट डोक्यातलं पाणी वाढलं होतं. पण मोजमापात चोवीस आठवडे वर काही दिवस भरले.

डॉक्टर म्हणाले, "आता माझ्या हातात नाही. मुंबईला बोर्डापुढे जावं लागेल."

"मी तुमच्याकडे आले तेव्हा चोवीस झाले नव्हते."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी मान खाली घातली आणि चिठ्ठी लिहायला लागले.

मुंबईतल्या त्या मोठ्या सरकारी रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही. बोर्डाने निर्णय लवकर द्यायचा असं कायद्यात आहे, आणि त्यांनी तो लवकरच दिला, हे सांगायला हवं. पुन्हा तपासण्या झाल्या. मग एका लांब खोलीत बोलावलं. टेबलापलीकडे डॉक्टरांची रांग. ते आपसात इंग्रजीत बोलत होते. मला इंग्रजी समजतं हे त्यांना ठाऊक नसावं. एक जण म्हणाला, मूल जन्मलं तर जगेल. दुसऱ्या म्हणाल्या, कशा अवस्थेत ते बघा ना. तिसऱ्याने विषय बदलला.

मधोमध बसलेल्या वयस्कर डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

मी घरून पाठ करून आले होते. सगळं विसरले. म्हटलं, "मला मूल हवंय. पण असं जगणं त्याच्यावर लादायचं नाही. मी आई आहे, मला हे ठरवू द्या."

ते समजुतीने बोलले. "बघा, हा दोष दुरुस्त करता येण्यासारखा आहे. जन्मल्यावर पाठीचं ऑपरेशन होतं. डोक्यातलं पाणी काढायला नळी बसवतात. आता सरकारी योजनेत हे सगळं मोफत होतं. पूर्वीसारखं राहिलेलं नाही. पैशाचा विचार तुम्ही अजिबात करू नका."

पैशाबद्दल मी काहीच विचारलं नव्हतं.

नितीनने हात जोडले. म्हणाला, "साहेब, ऑपरेशन केल्यावर चालंल का?"

"ते आत्ता सांगता येणार नाही."

"लघवी आपली आपन करंल?"

"शक्यता कमी आहे."

"मग दुरुस्त म्हंजे काय साहेब?"

 बोर्डाने परवानगी नाकारली. कारण दिलं ते हेच, दोष दुरुस्त होण्याजोगा, गर्भ जगण्याच्या अवस्थेत.

बाहेर आल्यावर एक तरुण डॉक्टर मागोमाग आल्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही हायकोर्टात जाऊ शकता. कोर्ट कधी कधी बाईचं ऐकतं." मी त्यांचे आभार मानले. कर्जतला येऊन वकिलांना भेटलो. त्यांनी सांगितलं, अर्ज करता येईल, पण कोर्ट बहुतेक पुन्हा बोर्डालाच विचारेल, पुन्हा तपासण्या होतील. त्यात दिवस जातील. आणि इतक्या पुढच्या महिन्यात परवानगी मिळाली तर काय करतात ते मला त्या तरुण डॉक्टरांनी आधीच समजावलं होतं. आधी पोटातून सुई घालून बाळाचं हृदय थांबवतात, मग कळा आणून बाळंतपण करतात.

पळसदरीच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला नितीनने मोटारसायकल थांबवली. आम्ही कठड्यावर बसलो. तो म्हणाला, "जायचं का कोर्टात?"  माझ्यात आता कुणापुढे उभं राहून परत तेच सांगायची ताकद नव्हती. आणि बाळ रोज मोठं होत होतं, त्याच्या लाथांचे ठोके मला ओळखू यायला लागले होते. ते पाय नाहीत, कोपर असेल, हेही मला कळत होतं.

"राहू दे," मी म्हटलं.

लोक म्हणतात मी शेवटी मूल ठेवायचं ठरवलं. तसं नाही. ठरवणं त्या खोलीत संपलं होतं.

पुढचे महिने कसे गेले ते थोडक्यात सांगते. जावेने डोहाळजेवणाचं विचारलं. आईंनीच नको म्हणून सांगितलं. कॉलेजात सगळे अभिनंदन करायचे, मी पुस्तकं लावत राहायचे.

सिझेरियन मुंबईलाच झालं. मुलगी झाली. तिच्या पाठीवर पातळ कातडीची लालसर पिशवी होती, तिच्यावर ओली पट्टी लावून तिला लगेच नेलं. मी तिचं तोंड बघितलं ते दुसऱ्या दिवशी. नितीनचं नाक. नाव मैत्री ठेवलं. पाठीचं ऑपरेशन झालं, मग डोक्यात शंट बसवला. शंट म्हणजे बारीक नळी, कातडीच्या आतून डोक्यातलं पाणी पोटात सोडते. सगळं मोफत झालं, बोर्डाने सांगितलं होतं तसंच. ऑपरेशन करणारे डॉक्टर मनापासून करत होते. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

तिचे पाय मऊ होते, कापसासारखे. गुदगुल्या केल्या तर ती हसायची, पण हात लावला कुठे हे तिला कळायचं नाही, माझं तोंड बघून हसायची. लघवी काढायला बारीक नळी घालावी लागायची, तिला कॅथेटर म्हणतात. ते काम मी शिकले, आणि माझ्या आधी आई शिकल्या. मुंबईचा रस्ता जवळ पडावा म्हणून आम्ही कडाव सोडून खालापूरला खोली घेतली. आईंनी दावणीच्या म्हशी जावेच्या हवाली केल्या आणि आमच्याबरोबर आल्या. ज्या बाईने माझं पटलं नाही म्हणून सांगितलं होतं, तिने एक दिवस तोंड वाकडं केलं नाही.

मैत्रीला आवाज आवडायचे. हायवेवरच्या ट्रकचा हॉर्न वाजला की डोळे मोठे करायची. आई तिला मांडीवर घेऊन भीमाची गाणी म्हणायच्या, ती त्यांच्या हनुवटीकडे टक लावून बघायची. तिच्यावर माझं प्रेम नव्हतं असं कुणी समजू नये. मी तिला मागितलं नव्हतं असंही समजू नये. मी तिच्यासाठी जे मागितलं होतं ते मला मिळालं नाही, आणि जे मिळालं त्याच्यावर मी जीव लावला. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

शंट तुंबतो. तसं होऊ शकतं हे सांगितलेलं होतं. उलट्या, बारीक किंचाळल्यासारखं रडणं, टाळू टरारून वर येणं. पहिल्यांदा झालं तेव्हा जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "याची सोय इथे नाही." ॲम्ब्युलन्स मुंबईला पाठवली. शंट बदलला. घरी आलो. काही आठवड्यांनी परत. तिसऱ्या वेळी नळीला जंतुसंसर्ग झाला, तो मेंदूपर्यंत गेला. आयसीयूच्या काचेतून ती दिसायची. डोकं मोठं, हात लहान. पहिल्या वाढदिवसाच्या आतच ती गेली.

गेली तेव्हा आई तिच्याजवळ होत्या, आम्ही औषध आणायला खाली गेलो होतो. वर आलो तर त्या दाराबाहेर उभ्या होत्या. "गेली," एवढंच म्हणाल्या.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला कडावला माणसं जमली. जो तो म्हणत होता, सुटली बिचारी. मी ऐकून घेतलं. ही सुटका मी तिला वेदना व्हायच्या आधी द्यायला निघाले होते, तेव्हा त्याला पाप म्हणणारी माणसंही त्यात होती.

हे लिहिताना मला कुणाला धीर द्यायचा नाही. माझ्याकडे तो नाही. सांगायचं एवढंच, की ॲनॉमली स्कॅनसाठी अठराव्या आठवड्याला जा, आणि तुमच्या दवाखान्यात ते होत नसेल तर 'पुढच्या आठवड्यात या' यावर विश्वास ठेवून थांबू नका. शक्य असेल तर दुसरीकडे करा. शक्य नसेल, तर मला तुम्हाला सांगण्यासारखं काही सुचत नाही. मी मागच्या महिन्यात त्या नव्या इमारतीवरून गेले. बाहेर आणखी एक फलक लागलाय. सोनोग्राफीच्या खोलीबद्दल विचारलं. डॉक्टर यायचे आहेत, म्हणाले.

डॉक्टरांनी मला फॉलिक ॲसिड चालू करायला सांगितलंय. पुन्हा तसंच होईल असं नाही, म्हणतात. मी गोळ्या आणलेल्या नाहीत. नितीन काही म्हणत नाही.

आम्ही आता परत कडावला राहतो. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. मी आत भांडी लावत होते. त्या ओसरीवर आईंना विचारत होत्या, "दुसरं कवा आता? वय चाललंय पोरीचं. तुमी सांगा ना तिला."

आई म्हणाल्या, "मी नाय सांगनार. तिचं ती ठरवंल."

"आसं कसं? मोठ्या मानसानं सांगाया लागतं."

"ती एकदा बोलली होती," आई म्हणाल्या. "डॉक्टरला बोलली, साहेब लोकांना बोलली, मला बोलली. कुनी आयकलं नाय. मी पन नाय."